गेट म्हणजे मिळणे, वगैरे

चिखले
२ सप्टेंबर १९८८

वसुमतीबाईंना विपुलचा वाकून नमस्कार.

तुमची तलासरीला बदली झाल्यापासून डहाणूच्या शाळेत इंग्रजीला कुणी वाली उरला नाही, असं मुलं म्हणतात. मी म्हणत नाही, कारण मी आता शाळेत नाही. दहावीचे बाकी विषय सुटले, एकटं इंग्रजी दोनदा राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा बसतोय.

परवा एस. टी. स्टँडवर तुम्ही म्हणालात की सगळं इंग्रजी शिकायला तुला जन्म पुरणार नाही, एकच क्रियापद धर, 'गेट', ते मी पोस्टाने शिकवते. घरी येऊन डिक्शनरी उघडली. 'गेट'चे अर्थ दीड पान आहेत. मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे, आणि खाली बारीक अक्षरात आणखी वगैरे. एकच शब्द एवढी कामं करतो म्हणजे तो आमच्या होडीवरचा काळूकाका झाला. काळूकाकाला जाळं ओढायला सांगा, भात शिजवायला सांगा, भांडायला सांगा, तो नाही म्हणत नाही. आणि एकही काम नीट करत नाही.

पण या वेळी पास होणं भाग आहे. डहाणू स्टेशनवरचे बुकिंग क्लार्क एकनाथराव यांच्या कल्पिताशी माझं ठरतंय. म्हणजे आमच्या बाजूने ठरलंय. एकनाथराव आमच्याच समाजाचे, पण त्यांच्या वडिलांपासून रेल्वेत. होडीत बसले तर ओकतात. ते म्हणतात, आधी दहावी पास झाल्याचा कागद दाखवा. नाहीतर उंबरगावला कारखान्यात पगारावर असलेला एक मुलगा त्यांच्या नजरेत आहे. कल्पिता काय म्हणते ते मला कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

एक शंका. 'गेट'चं भूतकाळात 'गॉट' होतं, ते कुणाला विचारून?

तुमचा विद्यार्थी,
विपुल


तलासरी
६ सप्टेंबर १९८८

विपुल, आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी ते आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे तहसील कचेरीत आहेत, तिथे असं मराठी येण्याची पद्धत नाही. मग म्हणाले, इतकं नीट लिहिणारा मुलगा नापास कसा होतो? मी म्हटलं, भीतीने. दोन ओळी लिहून चार खोडतो.

तुझी शंका. इंग्रजांनी इथे राज्य केलं ते कुणाला विचारून? 'गॉट'चंही तसंच. पाठ कर.

आता नियम. पुस्तकातला राम आणि त्याचा आंबा मला नकोत. तुझ्या घरात जे घडतं त्याचीच वाक्यं लिही. मी नाशिककडची, मासे खात नाही, मला होडीतलं काही कळत नाही, त्यामुळे तू लिहिशील ते मी खरं मानणार. खोटं वाक्य व्याकरणात बसलं तरी मी शून्य देते. पहिला अर्थ 'मिळणे'. होडी रोज परत येते ना? मग काय मिळालं ते रोज एका वाक्यात लिहायचं. बाकीचे अर्थ जमतील तसे.

एकनाथरावांना हे ओळखतात. आमचं नाशिकचं रिझर्व्हेशन तेच काढून देतात. माणूस सरळ आहे, फक्त तोंडात कायम पेन्सिल असते.

वसुमती


चिखले
१२ सप्टेंबर १९८८

बाईंना नमस्कार.

वाक्यं पाठवतोय. तीनदा तपासली आहेत.

माय फादर गेट्स अप ॲट फोर. ही गेट्स अँग्री. देन वुई ऑल गेट अप.

काळूकाका डज नॉट गेट इट. (इथे 'समजत नाही' या अर्थाने.)

ऑन मंडे वुई गॉट नथिंग. ऑन ट्यूजडे वुई गॉट नथिंग. ऑन वेन्स्डे वुई गॉट नथिंग. गुरुवार, शुक्रवारचीही तशीच आहेत, 'वेन्स्डे'मधला मुका 'डी' मी विसरलेलो नाही.

शनिवारचं वाक्य लिहिताना बाबा डोक्यावर येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी विचारलं, मासळीचं काय लिहिलंस? मी म्हटलं, काय नाय असं लिहिलं. म्हणाले, मग बरोबर.

पत्राला उशीर झाला. बर्फ आणायला डहाणूला खेपा घालाव्या लागल्या, आणि आईचे हात सुजल्यामुळे घरचं पाणीही मीच भरतो. कागदाला वास येत असेल तर माफ करा. घरात वही ठेवायला कोरडी जागा उरलेली नाही.

विपुल


तलासरी
१६ सप्टेंबर १९८८

विपुल,

वाक्यं बरोबर आहेत. दहापैकी नऊ. एक गुण काळूकाकांच्या वतीने कापला, त्यांना वाक्यात तरी काही समजू दे.

पण सोमवारपासून शनिवारपर्यंत 'नथिंग' वाचून मला वर्गात शिकवायला सुचेना. बर्फ कुणासाठी आणत होतास? घरात कुणाला ताप आहे का? आणि आईंचे हात कशाने सुजले, त्या दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात का? तू सांगणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. घरात कोरडी जागा नाही हेसुद्धा तू वासाची माफी मागताना लिहिलंस.

'गेट वेल' म्हणजे बरे होणे. 'गेट थ्रू' म्हणजे संकटातून पार पडणे. या दोन्हींची पाच-पाच वाक्यं लिही. मनाला धीर येतो.

वसुमती


चिखले
२१ सप्टेंबर १९८८

बाईंना नमस्कार.

ताप कुणालाही नाही. आई दुसऱ्यांच्या घरी जात नाही, उलट चार बायका आमच्याकडे येतात. तुम्ही असं का विचारलंत ते कळलं नाही, पण 'गेट वेल'ची वाक्यं लिहायची म्हणून काळूकाकाला आजारी पाडलं. तो खुशीने पडला.

आता मुख्य गोष्ट. काल तुमच्या ह्यांच्या कचेरीतले शिपाई बाबल्या आले. खांद्यावर तांदळाचं पोतं, पिशवीत तूरडाळ आणि गूळ. आम्ही विचारलं, हे काय? ते म्हणाले, तलासरीच्या बाईंनी दिलंय, ठेवून घ्या आणि कुणाला बोलू नका. आणि आईकडे असं बघितलं की आईला वाटलं कुणी गेलं.

मग आईनेच उलगडा केला. एकनाथराव तुमच्या ओळखीचे. म्हणजे मुलीकडच्यांनी तुमच्या हातून धान्य पाठवलं. म्हणजे पसंती. बाबा म्हणाले, मुलीकडून आधी तांदूळ येतात हे आपल्यात कधी होतं? आई म्हणाली, रेल्वेत असेल. बाबांनी पोतं उचलून आत नेलं.

तांदळाचं वाक्य मोकळेपणाने लिहिलं, कारण ते काही दर्यातलं नाही. वुई गॉट राइस. वुई गॉट दाल. माय मदर गॉट हॅपी.

रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून आईने बाबल्यांच्या डोक्यावर पापलेटची पाटी दिली. बर्फ घालून दिलाय. एस. टी.त अडचण आली नसेल अशी आशा.

बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. कल्पिता काही बोलली का?

विपुल


तलासरी
२४ सप्टेंबर १९८८

विपुल,

अडचण आली. कंडक्टरने बाबल्याला पाटीसकट टपावर बसवलं. तलासरीत उतरला तेव्हा त्याच्यामागे सहा कुत्री होती.

पापलेट बघून मला रडू आलं. घरात होतं नव्हतं ते उचलून तुम्ही माझ्याकडे पाठवलंत. हे म्हणाले, रडू नकोस, आणि चार खाल्ले.

तांदूळ कल्पिताकडून नव्हता. तो मी पाठवला होता. आठवडाभर ज्या घरात काही मिळत नाही त्या घराला दुसरं काय पाठवतात?

आता जे लिहिते ते बसून वाच. काल एकनाथराव जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत आले होते. हे त्यांना चहाला घेऊन आले. त्यांनी तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मुलगा सोन्यासारखा आहे, पण घरची परिस्थिती फार वाईट आहे, हंगाम सुरू झाल्यापासून एक मासा नाही. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून तुझी वाक्यं दाखवली. त्यांनी सोमवार ते शनिवार वाचलं, तोंडातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, मग दहावी पास होऊन तरी काय करणार? रविवारी, दोन तारखेला, उंबरगाववाले येणार आहेत. त्यांना होकार द्यायचं म्हणतात.

मी खरं तेच सांगितलं. तरी कालपासून स्वतःचा राग येतोय.

वसुमती


चिखले
२७ सप्टेंबर १९८८

बाई,

नमस्कार लिहायला वेळ नाही, तो धरून चला.

आमच्यात मासळी मिळाली असं म्हणत नाहीत. कधीच नाही. बंदरावर कुणी विचारलं, काय रे, काय मिळालं? तर म्हणायचं, काय नाय, कालवणापुरतं. होडी काठोकाठ भरलेली असली तरी हेच, भरलेली असली तर जास्तच. बाबा म्हणतात, दर्या ऐकतो. मिळालं म्हटलं की त्याला वाटतं यांचं भागलं, आता दुसऱ्यांना देऊ. त्यामुळे चिखल्यात आजपर्यंत कुणालाही काहीही मिळालेलं नाही. तरी आमच्याकडे टीव्ही आहे.

बर्फ पापलेटना लागतो. आईचे हात बोंबील वाळत घालून सुजतात. कोरडी जागा नाही कारण घरात जिकडेतिकडे बोंबील आहेत, मी झोपतो त्या खाटेखालीसुद्धा.

खोटं लिहिलं असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही कुणाला कसे आहात म्हणून विचारलंत आणि तो बरा आहे म्हणाला, तर तुम्ही त्याची नाडी बघता का? पण नियमाप्रमाणे शून्य द्या, माझी तक्रार नाही.

मी बाबांना म्हटलं, एकनाथरावांना खरं कळवू. बाबा म्हणाले, तोंडातून एक शब्द काढलास तर होळीपर्यंत जाळ्यात शेपूटसुद्धा यायचं नाही. काळूकाका म्हणाला, पोरगी जाऊ दे, दर्या एकच आहे. काळूकाकाचं लग्न झालेलं नाही.

दोन तारखेच्या आत काहीतरी करा. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

विपुल


तलासरी
३ ऑक्टोबर १९८८

विपुल,

शून्य दिलं. मग मला स्वतःलाही एक शून्य दिलं आणि काल सकाळच्या एस. टी.ने डहाणूला गेले.

रेल्वे क्वार्टरमध्ये पोचले तर उंबरगाववाले आधीच बसलेले. मुलाचे वडील सांगत होते की देवाच्या दयेने आमच्याकडे सगळं भरपूर आहे, कशाला कमी नाही, मुलाला ओव्हरटाइमच एवढा मिळतो की विचारू नका. एकनाथरावांनी विचारलं नव्हतं. मी आत स्वयंपाकघरात गेले. कल्पिताची आई, चंद्रावती, पोहे करत होती. ती झाई बंदरातल्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची मुलगी, हे मला तिथे कळलं. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले, तर म्हणाली, तो कागद आणलाय का? वाचा.

मी तुझी वाक्यं मराठी करून वाचली. सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही. बुधवारपर्यंत ती हसायला लागली. शुक्रवारी झारा खाली ठेवला.

म्हणाली, "बाई, ज्याच्या घरात खरंच काही नसतं ना, तो कधी काय नाय म्हणत नाही. तो म्हणतो, मिळतं पोटापुरतं. लाज राखतो. आठवडाभर रोज काय नाय म्हणजे यांच्याकडे ठेवायला जागा नसणार."

मग पदराला हात पुसत बाहेर गेली आणि उंबरगाववाल्यांना सांगितलं की मुलीची पत्रिका जुळत नाही. एकनाथराव म्हणाले, पत्रिका तर अजून पाहिलीच नाही. ती म्हणाली, मी पाहिली.

पण एकनाथराव तिकिटं देणारा माणूस आहे. त्यांना गाडी, तारीख, डबा सगळं समोर लागतं. ते म्हणतात, बायको म्हणते ते असेल, मला मुलाच्या तोंडून ऐकायचंय. हो की नाही, एवढंच. येत्या रविवारी बाबांना घेऊन जा. कल्पिता तेव्हा पाणी देत होती. तिने मला विचारलं, वाक्यं त्यांनी स्वतः लिहिली की कुणाची बघून? मी म्हटलं, स्वतः. म्हणाली, अक्षर चांगलं आहे. तू विचारतोस म्हणून सांगते, ती एवढंच बोलली.

वसुमती


चिखले
१० ऑक्टोबर १९८८

बाईंना नमस्कार.

गेलो होतो. बाबांनी लग्नातला कोट घातला होता, वरून बोंबलाचा वास होताच.

चहाच्या आधीच एकनाथरावांनी विचारलं, यंदा मासळी कशी आहे? बाबा म्हणाले, काय नाय, कालवणापुरतं. एकनाथराव म्हणाले, मला नीट सांगा, मुलीचा प्रश्न आहे. बाबा म्हणाले, नीटच सांगतो, काय नाय. एकनाथरावांनी बायकोकडे बघितलं. ती पडदा सरळ करत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बाबांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

परीक्षेत होतं तसंच झालं, उत्तर येतं आणि हात हलत नाही. तेव्हा कल्पिता चहा घेऊन आली. ट्रे ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मी तुमच्या घरी आले तर जेवायला काय, व्याकरण?"

मी उभा राहिलो आणि सांगितलं. पापलेट किती, घोळ किती, बोंबील किती, कुठल्या दिवशी होडी इतकी भरली की काळूकाकाला पोहत यावं लागलं, सगळं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. बाबा कानावर हात ठेवून उठले आणि बाहेर जाऊन रुळांकडे तोंड करून उभे राहिले. दर्या त्या बाजूला नाही, पण तेवढं त्यांना सुचलं नसेल.

एकनाथराव म्हणाले, ठरलं. दहावीचा कागद तरी हवाच, तो नियम आहे.

घरी येताना एस. टी.त बाबा दुसऱ्या बाकावर बसले. परीक्षा चार दिवसांवर आहे. वुई गॉट एंगेज्ड, की आय गॉट एंगेज्ड? तिला धरून सांगा.

विपुल


तलासरी
१२ ऑक्टोबर १९८८

विपुल,

वुई. एकट्याने होत नाही. दहापैकी दहा.

आता पेपरात खोडायचं नाही. एकनाथरावांसमोर जसा उभा राहिलास तसा लिही. आणि पेपर तपासणारा म्हणजे दर्या नव्हे, त्याला कमी सांगू नकोस.

वसुमती


चिखले
१९ डिसेंबर १९८८

बाईंना विपुलचा वाकून नमस्कार.

पास झालो. इंग्रजीत एक्केचाळीस. पेपरात घरावर निबंध होता, त्यात 'गेट' सतरा ठिकाणी घातलं, खोडलं एकाच ठिकाणी. निकाल लगेच कळवायला हवा होता, पण मन ठिकाणावर नव्हतं.

एकनाथरावांच्या घरी बोललो त्यानंतर आमच्या जाळ्यात काही येत नाही. पहिले काही दिवस बाबा नुसते माझ्याकडे बघायचे. आई म्हणायची, सगळ्याच होड्यांचं असं आहे, पाणी बदललंय. पण सगळ्या होड्यांचं खरं काय ते कळणार कसं? सगळे काय नाय म्हणतात.

आणि खरी पंचाईत पुढे झाली. मासळीचा व्यापारी विचारायचा, काय मिळालं? बाबा म्हणायचे, काय नाय. तो डोळा मारायचा आणि दुप्पट बर्फ पाठवायचा. बाबा म्हणायचे, अरे खरंच काय नाय. मग तिप्पट पाठवायचा. आमच्या दारात बर्फ वितळून चिखल झाला, आणि गावात बोललं जायला लागलं की यांना यंदा मरणाचं मिळतंय. शेवटी एक दिवस बाबांनी मान खाली घालून व्यापाऱ्याला सांगितलं, मिळतं पोटापुरतं. त्या संध्याकाळी शेजारच्या सुकीकाकूने कालवण पाठवलं. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले.

मी ठरवलं की एकदा भरलेलं सांगितलं, तर आता रिकामंही आपणच सांगायला हवं. नाहीतर पहिलं खोटं होईल. बाबांना विचारलं नाही. गेल्या रविवारी दहावीचा कागद घेऊन डहाणूला गेलो. एकनाथराव ड्यूटीवर होते, चंद्रावतीकाकू बाजारात. दार कल्पिताने उघडलं. कागद तिच्या हातात दिला आणि तिथेच उभ्याने सांगितलं की तुम्हाला सांगितलं होतं त्यातलं आता काहीही नाही. होडी रिकामी येते. बोंबील विकून संपले. खाटेखाली जमीन दिसते. उंबरगाववाल्यांना निरोप पाठवायचा असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

तिने आधी कागद वाचला. सगळा, मागच्या शिक्क्यासकट. मग म्हणाली, उंबरगाववाल्याने दसऱ्यालाच लग्न केलं, आता तो मिळायचा नाही. हसली नाही, त्यामुळे मला वाटलं संपलं. मी चप्पल घालायला वाकलो.

तेव्हा म्हणाली, "तुमच्या बाबांना सांगा, तारीख पुढच्या महिन्यातली काढा. घर रिकामं आहे तोवर येते. नंतर माझी पेटी कुठे ठेवणार?"

वाकलेलाच होतो, म्हणून चपलेचा पट्टा लावला, आणि हो म्हटलं.

विपुल